वायर पोचेल तिथपर्यंत

रत्नागिरीत खोली बघायला आलेल्या एकट्या बाईला काय काय विचारतात, याची मी पुरती तयारी करून गेले होते. लग्न का नाही, गाव कुठलं, मासे चालतात का, पाहुणे किती येतात. आमच्या घरमालकांनी यातलं काही विचारलं नाही. मागच्या दोन खोल्या दाखवल्या, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी थांबले आणि भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माझा. बाकीचे तुझे."

मला वाटलं, जुना फ्रिज वगैरे ठेवायचा असेल. मी लातूरकडची, नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत, आणि बदली झालेल्या माणसाला भांडायला वेळ नसतो. मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला दार वाजलं. दारात घरमालक काका. खांद्यावर नारिंगी वायरचं मोठं वेटोळं आणि हातात पाच-सहा किलोचं एक लोखंडी धूड, पुढे दातेरी साखळी. मी एकटी राहणारी बाई, अंगात गाऊन, समोर साखळीची करवत घेतलेला सत्तरीचा पुरुष. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन आपल्या प्लगला वायर लावली, दुसरं टोक खिडकीतून परसात सोडलं आणि जाता जाता म्हणाले, "चहा केलास तर कपभर ठेव."

त्या दिवशी त्यांनी परसातला वाळका फणस पाडला. नंतरच्या चार वर्षांत मी अशा किती रविवारी किती कप चहा ठेवला, ते सांगता येणार नाही.

वाडीत त्यांना वायरवाले म्हणत. आता झाडं पाडायला सगळीकडे पेट्रोलचा कटर असतो. फटफट करत येतो, दहा मिनिटांत माड आडवा करतो आणि जातो. काकांचा कटर विजेवरचा होता, तोही जुना, आणि त्याच्या शेपटीला वायर होती. असे एकूण सात. मुंबईत गोदीजवळ मोटारी रिवाइंड करण्याच्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी भरण्याच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. तिथे जळलेली यंत्रं येत, कधी मोडीत काढलेल्या बोटींवरची, कधी परक्या देशातून कुणी हौसेनं आणलेली. ज्यांचे मालक परत फिरकले नाहीत ती काकांबरोबर निवृत्त होऊन रत्नागिरीला आली. पडवीत एका फळीवर जुन्या लुंग्यांत गुंडाळून ठेवलेली असत. चार चालू होती. उरलेल्या तिघांबद्दल विचारलं की काका म्हणत, विचार चालू आहे.

नवं काही सापडलं की मला स्कूटर काढावी लागे. एकदा हातखंब्याच्या भंगारवाल्याचा फोन आला की इम्पोर्टेड कटर आलाय. आम्ही गेलो. भंगारवाल्यानं कौतुकानं अंगावरची पितळी पट्टी पुसून दाखवली. काकांनी तिकडे बघितलंही नाही. पट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. पट्टी म्हणजे आधार कार्ड, ते म्हणत, फोटो कुणाचा आणि माणूस कोण. त्यांनी यंत्र उचललं, वजन पाहिलं. अंग धातूचं की प्लास्टिकचं, ते नखानं वाजवून पाहिलं. मोटार आडवी बसवलेली होती, ती बाजूला पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती, त्यावरून ते म्हणाले की जुनं आहे, चांगलं जुनं. साखळीला तेल आपोआप जात नव्हतं, त्यासाठी अंगठ्याखाली एक बटण होतं, म्हणजे आणखी जुनं. हात पुढे घसरला तर साखळी थांबवणारी कडी नव्हती. तेव्हाची माणसं हात सांभाळून असायची, असं त्यावर भाष्य झालं. मग खिशातून मिलिमीटरचा पाना काढून त्यांनी एका बोल्टाला लावला. पाना बसला नाही. दुसरा लावला, तोही नाही.

"इंचातला हाय. अमेरिकन," काका म्हणाले. मग यंत्राला नाक लावून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि भंगारवाल्याकडे बघितलं. "लावून बघितलंस?"

भंगारवाला खुश होऊन म्हणाला की कालच लावलं, काय पळालं, विमानच. मग जरा वास आला म्हणून बंद केलं.

"एकशेदहा व्होल्टचं यंत्र ते. तू दोनशेतीस दिलंस," काका म्हणाले. "मेल्या, पळेल नायतर काय करेल?"

तरी त्यांनी ते घेतलं. मयत झालं म्हणून घरी न्यायचं नाही का, हा त्यांचा प्रश्न. येताना ते धूड माझ्या आणि त्यांच्या मध्ये होतं आणि त्याचा दांडा माझ्या पाठीत टोचत होता. विचार चालू असलेल्यांत एकाची भर पडली.

वापरण्याचे नियम तर विचारू नका. जमीन कोरडी हवी. वायर खांद्यावरून पाठीमागे, पायात कधीच नाही. यंत्राची वायर आणि लांबवलेली वायर यांची जिथे जोडणी, तिथे आधी एक गाठ, म्हणजे ओढ बसली तरी प्लग सुटत नाही. मोटार आधी मोकळी पूर्ण पळू द्यायची, मगच लाकडाला लावायची. तीन श्वासांना एकदा तेलाचं बटण. आणि सगळ्यांत वरचा नियम वायरचा. लांब वायर चालेल, पण जाड पाहिजे. लांब आणि बारीक घेतली की मोटार गेली. मी विज्ञान शिकलेली आहे हे ठाऊक असूनही ते मला हे दर महिन्याला समजावत. विहिरीवरून बारीक नळीनं पाणी आण आणि शंभर फुटांवर आंघोळ करून दाखव, म्हणत. डोकं भिजेल, साबण राहील. मोटारीला करंट पुरला नाही की ती कण्हते, तापते आणि मग आतली तार जळते. मोटारी माणसाच्या अडाणीपणामुळे मरतात, आपल्या मरणानं मरत नाहीत, हा तीस वर्षांचा अनुभव.

बोलावणारे त्यांना मुद्दाम बोलावत असं नाही. पेट्रोलवाला मिळाला नाही की लोकांना वायरवाले आठवत. काका आठला पोचत आणि अकरापर्यंत वायर अंथरत. तोवर घरातला मिक्सर बंद, इस्त्री बंद, पंप बंद. एकदा वरच्या वाडीत एका निवृत्त मास्तरांच्या दारात ऐन वाटेवर कलंडलेला आंबा कापताना, करवत अर्ध्या बुंध्यात असताना लाईट गेली. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार होता, हे सगळ्या रत्नागिरीला माहीत होतं. करवत निघेना. काका बुंध्यावर बसले. मास्तरांच्या सुनेनं तिथेच ताट आणून दिलं. घरातली माणसं दिवसभर झाड ओलांडून ये-जा करत होती आणि प्रत्येक जण काकांना दोन शब्द बोलून जात होता. लाईट चारला आली. तोवर काकांना मास्तरांच्या घरातली दोन लग्नं, एक मोडलेलं लग्न आणि सुनेची पाठदुखी यांची संपूर्ण माहिती झाली होती.

हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि ते पेट्रोलच्या विरोधात होतं. पेट्रोलवाला अंगणातून येतो आणि अंगणातून जातो, ते म्हणत. वायरवाल्याला घरात शिरावं लागतं. माजघर ओलांडून प्लगापर्यंत जावं लागतं. कोण आजारी आहे, कोण रडलेलं आहे, चुलीवर काय शिजतंय, सगळं कळतं. "दुसऱ्याच्या घरातला करंट घेतल्याशिवाय आपलं यंत्र चालत नाय," असं ते फार अभिमानानं सांगत.

या तत्त्वज्ञानाला एक अपवाद होता आणि तो गडग्यापलीकडे राहत होता.

गडगा म्हणजे जांभ्या दगडाची कमरेएवढी कुंपणभिंत. तिच्या पलीकडच्या घरात काकांचे थोरले भाऊ आणि वहिनी. मुलं मुंबईला. काका मुंबईहून परत आले तेव्हा दोन्ही घरं वडिलांच्या नावच्या एकाच मीटरवर होती आणि मीटर थोरल्यांच्या ओटीवर होता. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी परसात सगळ्यांत मोठी करवत सुरू केली. फ्यूज उडाला. बसवला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा थोरले उठले, काकांच्या बाजूचा फ्यूज काढला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि बाजारात गेले. तो फ्यूज त्यांच्या खिशात आठ दिवस होता. काकांनी त्या आठ दिवसांत धावपळ करून वेगळा मीटर घेतला आणि शपथ घेतली की त्या घरातला करंट जन्मात वापरणार नाही. पुढची अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. वाडीतल्या कुणाला यात विशेष वाटत नसे. आमच्याकडे पाण्यावरून खून पडतात, त्या मानानं मला हे सोवळं भांडण वाटलं.

गंमत गणपतीत व्हायची. गणपती थोरल्या घरात. पाचही दिवस काका तिथे जात, आरतीला भावाशेजारी उभे राहत, झांजा वाजवत, पंगतीला बसत. बोलत नसत इतकंच. मखराच्या माळांना मात्र करंट काकांच्या घरातून जाई. लायटिंगची एक बारीक पांढरी वायर ते गडग्यावरून नेत आणि विसर्जनाला गुंडाळून आणत. देव सामाईक, करंट वेगळा. थोरल्यांनीही कधी ती वायर काढून टाकली नाही.

माझ्या चौथ्या वर्षी थोरल्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वहिनींनी त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली, कारण तिथे वारा यायचा. त्याच खिडकीबाहेर, दहा हातांवर, एक रायवळ आंबा होता. वाळवीनं पोखरलेला, सगळा सुकलेला आणि घराच्या बाजूला कललेला. वैशाखाच्या शेवटाला वारं सुटायला लागलं. झाडाची एक फांदी खोलीच्या कौलांवर पडली आणि चार कौलं फुटली. आता झाड येणार हे लहान पोरालाही दिसत होतं. पेट्रोलवाले सगळे बागांमध्ये अडकलेले, दहा दिवस कुणी रिकामं नाही.

वहिनी गडग्याशी आल्या. काकांशी त्या बोलत असत, त्यांचा फ्यूजशी संबंध नव्हता. भावजी, उद्या पाडाल का, एवढंच त्यांनी विचारलं. काका झाडाकडे बघून हो म्हणाले आणि सांगितलं की त्यांना उद्या सकाळी ओटीवर न्या. झाड मी घराच्या उलट बाजूला घेईन, पण तरी न्या.

सकाळी दोन गडी घेऊन काका पलीकडे गेले. मी रजा टाकली होती, मला राहवलं नाही. झाडाच्या वरच्या अंगाला दोर बांधून तो घराच्या उलट दिशेला फणसाला ताणला. काकांनी आपली सर्वांत लाडकी जर्मन करवत आणली होती. वहिनी बाहेर आल्या.

"ते नाय म्हणतात ओटीवर यायला," त्या म्हणाल्या. "म्हणतात, मी हलणार नाय. पाडणारा कोण हाय ते मला माहीत हाय."

 हा विश्वास होता की टोमणा, हे मला आजवर उमगलेलं नाही. काकांनाही त्या वेळी उमगलं नसावं. त्यांनी दोर पुन्हा एकदा तपासला.

"प्लग इथंच हाय, खिडकीत," वहिनी म्हणाल्या.

"माझी वायर हाय," काका म्हणाले.

माझ्या ओट्यावरच्या प्लगातून वायर निघाली. नारिंगी वायर गडग्यापर्यंत पुरली. तिथून झाड आणखी शंभर फूट. काकांनी पिशवीतून ती गणपतीची पांढरी वायर काढली, पेन्सिलीहून बारीक, माळा लावायची.  मी हळूच म्हटलं की काका, ही लायटिंगची आहे. ठाऊक आहे, ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना. त्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठाऊक हाय म्हटलं ना गो बाय." मोटारीचं मरण ओळखणारा माणूस दहा हातांवरचा प्लग सोडून दोनशे फुटांवरून करंट आणत होता, आणि मी, सायन्सची पदवीधर, तोंड मिटून वायर धरून उभी होते.

पडणाऱ्या बाजूची खाच कशीबशी झाली. करवत नेहमीसारखी किंचाळत नव्हती, कण्हत होती. मग काका घराच्या बाजूला आले आणि मागचा काप सुरू केला. निम्म्याच्या पुढे गेले असतील. आवाज खाली खाली येत गेला, जळक्या वार्निशाचा वास आला, मोटारीतून निळा धूर निघाला आणि साखळी लाकडातच थांबली. काकांनी पाचर मारून ती सोडवली आणि करवत हळूच जमिनीवर ठेवली. "गेली," ते म्हणाले.

आता झाड पुढून खाचलेलं, मागून निम्मं कापलेलं, एका दोरावर उभं होतं. वाऱ्याची झुळूक आली की बुंधा करकरत होता. गडी म्हणाला, काका, दोर लय ताणतोय. दहा हातांवर खिडकीच्या आत खाट होती. काकांचा चेहरा मी त्यापूर्वी तसा कधी बघितला नव्हता. मला त्यांची भीती वाटली आणि त्याहून जास्त दया आली.

खिडकीत टेबलफॅन फिरत होता. तो थांबला. आतून एक डावा हात बोर्डाशी चाचपडताना दिसला. बराच वेळ लागला, पण त्यानं फॅनचा प्लग उपसला.

"जागा केलीय," आतून आवाज आला. शब्द जड होते. "वायर दे."

काका पळत घरी गेले, जपानी करवत घेतली, नारिंगी वायर ओढून आणली आणि तिचा प्लग गजांतून आत दिला. आतल्या हातानं तो घेतला. डाव्या हातानं तो बसेना. दोनदा चुकला. काका गजाबाहेर उभे राहून बघत होते. तिसऱ्यांदा बसला.

"चालू करू?"

"कर," काका म्हणाले.

पाच मिनिटांत झाड जिथे पडायला हवं होतं तिथे पडलं. घराचं एक कौल हललं नाही. गडी हुश्श करून खाली बसले, मला उगीचच रडू आलं. वहिनी चहाचे दोन कप घेऊन दारात आल्या. आतून पुन्हा आवाज आला.

"आत ये. वायर काढून घे."

काका वायर गुंडाळत गुंडाळत खिडकीपर्यंत आले. तिथे थांबले. वायर ओढून प्लग काढणाऱ्या माणसाला काका माणसांत धरत नसत, हे मला ठाऊक होतं.  मग त्यांनी वायरला हिसका दिला, आत कसलासा आवाज झाला, प्लग गजांतून बाहेर आला आणि ते गडगा ओलांडून घरी निघून गेले. दोन्ही कप मला प्यावे लागले.

मग काकांनी जर्मन करवतीची मोटार भरायला घेतली. ती झाली की पलीकडे जाऊन येतो, असं ते मला आपण होऊन म्हणाले. मी विचारलं नव्हतं. मोटार आषाढात झाली. मग साखळीला धार लावायची राहिली होती. मग पाऊस फार होता, गडग्याजवळ चिखल होता. सत्तरीचा माणूस चिखलाचं कारण किती दिवस पुरवू शकतो, ते मी त्या पावसाळ्यात पाहिलं. गणपतीत जाणं होईलच, असंही एकदा म्हणाले.

गणपतीच्या आठ दिवस आधी थोरले झोपेतच गेले. सुतक आलं, त्या वर्षी घरात गणपती बसला नाही.

बाराव्या दिवशी मी काकांबरोबर पलीकडे गेले. तोवरचे दिवस ते ओटीवरच बसत, आत गेले नव्हते. मागच्या खोलीत खाट तशीच होती. खिडकीजवळचा बोर्ड भिंतीतून सुटून एका वायरवर लोंबकळत होता. टेबलफॅन समोरच्या कोपऱ्यात जमिनीवर, खाटेकडे पाठ केल्यासारखा. काका बोर्डाकडे बघत राहिले. हे केव्हापासून, असं त्यांनी विचारलं.

"झाड पाडलंत त्या दिवसापासून," वहिनी म्हणाल्या. "लाईटवाल्याला बोलावते म्हटलं तर हात लावू देईनात कुणाला. म्हणायचे, ज्यानं ओढलंन तोच येईल बसवायला."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढला. मेन बंद करायला सांगितलं. खाटेच्या कडेला बसून त्यांनी भिंतीतलं भोक साफ केलं, लाकडाचा गुटका ठोकला, बोर्ड बसवला, स्क्रू आवळले. झाल्यावर पुन्हा एकदा आवळले. वहिनींनी चहा आणला, तो त्यांनी तिथेच बसून घेतला. आम्ही परतायला निघालो. गडग्याशी आल्यावर मी पुढे झाले, ते मागेच थांबले, म्हणून मी वळून बघितलं.

"दोन स्क्रूचं काम होतं गो," काका म्हणाले.